साथीच्या काळातील अन्न आणि मन : वरळी कोळीवाड्यावरून एक पाठ

साथीचा रोग गावात शिरला म्हणजे शाळेच्या आरोग्यपाठांत हात धुणे, पाणी उकळणे, लस टोचून घेणे, रोग्यापासून अंतर ठेवणे ह्या गोष्टी ओघाने येतात. आणि त्या आल्याच पाहिजेत. परंतु त्याच दिवसांत घरोघरच्या ताटात काय पडते, कोण जेवतो, कोण न जेवता उठतो आणि जेवताना कोणाचे चित्त कोठे असते, ह्या प्रश्नांना पाठात क्वचितच जागा मिळते. वस्तुतः भ्यालेले किंवा खचलेले मन पुष्कळदा सर्वांत आधी जेवणात प्रकट होते. लहान मूल आपल्या मनाची अवस्था शब्दांत सांगू शकत नाही. पुढ्यातला घास मात्र ते खाते किंवा चिवडीत बसते. शाळेत मध्यान्ह भोजन सुरू झाल्यापासून, मुलांना रोज जेवताना पाहणारी घराबाहेरची प्रौढ व्यक्ती म्हणजे बहुधा शिक्षक किंवा शिक्षिका. सबब हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही. तो शाळेच्या ओसरीवरचाही आहे.

विवेचनासाठी येथे वरळी कोळीवाड्याचे उदाहरण घेतले आहे. खेड्यातील शिक्षकांस मुंबईच्या वस्तीचे उदाहरण कशाला, अशी शंका येणे साहजिक आहे. पण कोळीवाडा हे शहराने चहूंकडून वेढलेले एक गावच होय. त्याचा व्यवसाय एक, सणवार एक, गोलफादेवीचे देऊळ एक. माणसे एकमेकांना घराण्यांनी ओळखणारी. माहीमच्या उपसागरात शिरलेल्या टोकावर इंग्रजी अमदानीतला वरळीचा किल्ला आहे, त्याच्या पायथ्याशी ही वस्ती आहे, आणि समोरून २००९ साली खुला झालेला सागरी सेतू वांद्र्याकडे जातो. वस्तीतल्या गल्ल्या मात्र इतक्या अरुंद की, दोन माणसांनी परस्परांपासून वार-दीड वार अंतर राखून चालणे अवघडच.

कोविड-१९ ची साथ आली तेव्हा २२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. तो दिवस गुढीपाडव्याचा होता. मार्च संपता संपता वरळी कोळीवाड्यात रुग्ण आढळले आणि ती वस्ती प्रतिबंधित करण्यात आली. मुंबईत ज्या वस्त्यांची ये-जा प्रथम बंद झाली, त्यांत तिची गणना होते. नाक्यानाक्यांवर अडथळे उभे राहिले, पोलिसांचा पहारा बसला, शिधा व औषधे बाहेरून आत येऊ लागली. काही रहिवाशांना विलगीकरणासाठी वस्तीबाहेर हलवण्यात आले. एप्रिलमध्ये महापालिकेचा जी दक्षिण विभाग, ज्यात वरळी येते, हा मुंबईतील अधिक रुग्णसंख्येच्या विभागांपैकी एक होता. पुढे तेथे साथ आटोक्यात आली. हा इतिहास रोगाचा झाला. त्याच्या आतला अन्नाचा इतिहास निराळा आहे.

कोळी घरात ताजी मासळी ही चैनीची वस्तू नव्हे. भात किंवा तांदळाची भाकरी आणि मासळीचे कालवण, एवढ्यावर जेवण पुरे होते. ही मासळी विकणारी बहुधा घरातील बाईच असते. सकाळी टोपली उचलून बाजारात जावे, संध्याकाळी रोख पैसे घेऊन यावे, त्यांतून तेल, मीठ, कांदा-बटाटा आणावा, असा ह्या घराचा क्रम. बाजार बंद, टोपली उपडी आणि गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे, अशी स्थिती झाली तेव्हा अन्न आणि कमाई ही दोन्ही एकाच दिवशी थांबली. शेतकऱ्याच्या घरी निदान पेवात किंवा कणगीत धान्य असते. रोजच्या विक्रीवर चालणाऱ्या घरात तसे काही नसते. त्यातून समुद्र तर दारातच. १० एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने सागरी मासेमारीला टाळेबंदीतून सूट दिली. पण प्रतिबंधित क्षेत्रांना अशा सवलती लागू नव्हत्या. भरतीची वेळ होते आहे, होड्या बंदरावर बांधलेल्या आहेत आणि हात रिकामे आहेत, ही अवस्था कष्टकरी माणसाच्या मनाला किती जाचत असेल, ते नांगर टाकून बसावे लागलेल्या शेतकऱ्याच्या मुलांना अधिक समजावून सांगावे लागणार नाही.

येथे एक शब्द मुलांना अवश्य शिकवावा : आगोट. पावसाळा तोंडावर आला म्हणजे चार महिन्यांची जी बेगमी घरात करावयाची, तिला कोकणात आगोट म्हणतात. उन्हाळ्यात बोंबील बांबूच्या वलांड्यांवर टांगून वाळवतात. जवळा, मांदेली, वाकटी वाळूवर किंवा जाळ्यांवर पसरून सुकवतात. मग ती सुकी मासळी डब्यांत भरून ठेवतात. पावसात समुद्र खवळतो, मासेमारी बंद असते, तेव्हा हा साठा घराला तारतो. आता पंचांग पहा. चैत्र-वैशाख हे आगोट भरण्याचे दिवस, आणि नेमके तेच दिवस टाळेबंदीत गेले. आषाढासाठी राखलेला डबा चैत्रातच उघडावा लागला, तर त्या घरातील गृहिणीला आजच्या जेवणाबरोबर पुढल्या चार महिन्यांची काळजी पडणार हे उघड आहे. त्या वर्षी पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारी बंदी १ जूनऐवजी १५ जूनपासून लागू करून ३१ जुलैपर्यंत ठेवण्यात आली. मच्छीमारांना काही दिवस अधिक मिळावेत हा तिचा हेतू. परंतु ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या बाजूने किनाऱ्यावर आले, आणि त्या थोड्या दिवसांतलेही काही दिवस गेले. नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला आली.

सरकारी शिधा पोहोचत नव्हता असे नाही. एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकेवरील पात्र कुटुंबांस माणशी दरमहा ५ किलो धान्य मोफत मिळू लागले. त्याने उपासमार पुष्कळ अंशी टळली, ही गोष्ट मोठीच आहे. तथापि तांदूळ मिळाला म्हणजे जेवण मिळाले, असे होत नाही. जेवणात सवय असते, चव असते, ते वाढणाऱ्याचा हात असतो, आणि शेजारी पानावर बसलेले माणूस असते. ह्यांतले एकेक सुटत गेले की पोट भरूनही मन उपाशी राहते. कालवणावाचून भात घशाखाली न उतरणाऱ्या म्हातारीला ‘खोड्या करू नकोस’ असे म्हणणे सोपे आहे. पण संकटात माणूस परिचित चवीलाच धरून बसतो, कारण बाकी सर्व अपरिचित झालेले असते.

भूक आणि मन

अन्न कमी पडले म्हणजे मनावर काय परिणाम होतो, ह्याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अ‍ॅन्सेल कीज ह्या शास्त्रज्ञाने केला. युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे ३६ निरोगी तरुण स्वखुशीने त्यात सामील झाले. त्यांना २४ आठवडे नेहमीच्या सुमारे निम्म्याच उष्मांकांचे अन्न दिले गेले. शरीर रोडावले हे तर झालेच. पण अधिक लक्षात घेण्याजोगे ते त्यांच्या मनाचे झाले. माणसे चिडखोर, उदास, एकलकोंडी झाली, विनोद संपला, अभ्यासात लक्ष लागेना, आणि दिवसभर अन्नाखेरीज दुसरा विचार सुचेना. काहींनी पाककृतींची पुस्तके जमवली. एक घास घोळवून घोळवून जेवण लांबवण्याची सवय पुष्कळांस लागली. पुरेसे अन्न पुन्हा सुरू झाल्यावरही मन लगेच ताळ्यावर आले नाही. हे तरुण सुदृढ होते, त्यांच्या डोक्यावर कर्ज नव्हते, घरात रोगी नव्हता, आणि प्रयोग केव्हा संपणार हेही त्यांस ठाऊक होते. ज्या घरात ह्यांतले काहीच नसते, तेथील मूल वर्गात चिडले किंवा शून्यात पाहत बसले, तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी शिक्षकांनी हा प्रयोग आठवावा.

उलट बाजूनेही हाच संबंध चालतो. एकाएकी भय वाटले की शरीर पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीला लागते, रक्त स्नायूंकडे वळते, पचन मंदावते आणि भूक मरते. ‘पोटात गोळा आला’ हे मराठीतले बोलणे ह्या दृष्टीने अगदी शास्त्रशुद्ध आहे. पण काळजी आठवडेच्या आठवडे टिकली म्हणजे चित्र बदलते. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून कॉर्टिसोल नावाचा स्राव अधिक होत राहतो आणि गोड-तेलकट पदार्थांची ओढ वाढते. त्यातच दिवसभर घरात कोंडलेले असणे, झोपेची वेळ बिघडणे, करमणूक नसणे ह्यांची भर पडते. म्हणून टाळेबंदीत एकाच घरात मुलाचा हात सारखा फराळाच्या डब्याकडे जातो आणि आजोबांचे ताट तसेच राहते. दोघांचे कारण एकच असू शकते. सर्वांत अवघड स्थिती आईची. घरात कमी पडले की आपल्या वाट्याचे कमी करण्याची तिची रीत जुनीच आहे. देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. रक्तातील लोह घटले की थकवा आणि चिडचिड वाढते, आणि घरचे म्हणतात की हिचा स्वभावच बिघडला.

येथे शिक्षकांनी एक पथ्य पाळावे. अमुक पदार्थ खाल्ला की मन आनंदी होते, अशी छातीठोक विधाने वर्तमानपत्रांत पुष्कळ येतात. ती वर्गात करू नयेत. मनःस्थितीशी निगडित असलेले सेरोटोनिन हे द्रव्य शरीरात सुमारे ९० टक्के आतड्यांत तयार होते हे खरे. पण आतड्यांतले सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही, हेही तितकेच खरे. बांगडा, तारली अशा तेलकट मासळीत ओमेगा-३ मेदाम्ले असतात, मासळी व अंडी-दूध ह्यांतून ब-१२ जीवनसत्त्व मिळते, आणि त्याची कमतरता झाली तर स्मरण व मनःस्थिती दोन्ही बिघडतात. इतके सांगणे पुरे. मासळी हे उदासीनतेचे औषध आहे, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

कोविडने आणखी एक विचित्र गोष्ट केली. कित्येक रुग्णांचा वास आणि चव काही दिवस, काहींची काही महिने, नाहीशी झाली. मासळी ताजी की शिळी हे कल्ल्यांच्या रंगावरून आणि वासावरून क्षणात ओळखणाऱ्या विक्रेतीस वासच येऊ नये, म्हणजे तिचे अर्धे ज्ञान गेले! जेवण मातीसारखे लागते, मग माणूस जेवत नाही, मग अशक्तपणा वाढतो, आणि आपण आता बरे होत नाही असे मनाने घेतले जाते. अशा माणसाला गरम, मऊ, थोडे थोडे, ठरलेल्या वेळी द्यावे आणि ही चव बहुधा परत येते हे सांगावे. ह्या सांगण्याचा उपयोग पथ्याइतकाच आहे.

अफवा आणि पंगत

भयाच्या काळात ताटात अफवाही वाढल्या जातात. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी व अंडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी आवई महाराष्ट्रात उठली आणि कोंबड्यांचे भाव कोसळले. त्यात काही तथ्य नव्हते. पण गरीब घरातील मुलांना परवडणारे एक चांगले प्रथिन त्या आवईने ऐन गरजेच्या वेळी ताटातून काढले, आणि कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांचे नुकसान झाले ते वेगळेच. लसूण खाल्ल्याने ह्या रोगापासून बचाव होतो असा पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेला जाहीरपणे सांगावे लागले. काढ्यांचा तर सुळसुळाट झाला. गरम काढ्याने घशाला बरे वाटते, आणि घरातील वडीलधाऱ्यांना काहीतरी केल्याचे समाधान मिळते. तेवढ्यापुरते त्याला कोणी हरकत घेऊ नये. जेवणाच्या जागी काढा आला किंवा औषधाच्या जागी काढा आला, म्हणजे मात्र हरकत घेतलीच पाहिजे.

अन्न, भय आणि विश्वास ह्यांची ही गुंतागुंत मुंबईला नवी नव्हती. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचे निदान केले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. २०२० साली महाराष्ट्राने प्रथम वापरला तो हाच कायदा. रोग्यांना सक्तीने रुग्णालयात नेले जाई, आणि तेथे कोण शिजवील, कोण वाढील ह्या भयाने लोक रोगी लपवून ठेवीत. पुढे निरनिराळ्या समाजांनी आपापली रुग्णालये काढली, आपले आचारी ठेवले. त्यात जातिभेदाचा अंश उघड होता आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. तरी ओळखीच्या हातचे अन्न मिळते म्हटल्यावर भ्यालेला मनुष्य उपचाराला कमी बिचकतो, एवढी गोष्ट त्यातून उचलण्याजोगी आहे. १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीत पाऊसही दगा देऊन गेला. तेव्हा रोग आणि टंचाई एकदमच घरात आली होती.

कोविडच्या काळात अन्नाचा सर्वांत मोठा घाव कोठे बसला असेल, तर तो दुखवट्याच्या घरी. आपल्याकडे ज्या घरी मृत्यू होतो तेथे चूल पेटत नाही. शेजारी, सोयरे भाकरी-पिठले घेऊन येतात आणि न जेवणाऱ्याला बळेच घास घेण्यास लावतात. ह्याला कडू घास म्हणतात. ही रीत वरवर पाहता रूढी आहे, आत पाहता उपचार आहे : खचलेल्या माणसाला एकटे न जेवू देण्याचा. साथीच्या निर्बंधांत भाकरी कदाचित दाराशी ठेवता आली, पण समोर बसून घास भरवता आला नाही. शाळेचेही तसेच झाले. शाळा बंद असताना मुलांच्या वाट्याचे तांदूळ व कडधान्य घरी देण्यात आले, आणि खेडोपाडी हे वाटपाचे काम शिक्षकांनीच केले. शिधा पोहोचला, पंगत पोहोचली नाही.

वर्गातील काम

इयत्ता चौथीपासून पुढे हा विषय दोन तासिकांत घेता येईल. आरंभी फळ्यावर महिन्यांची नावे लिहून, आपल्या गावात कोणत्या महिन्यात काय वाळवतात, काय साठवतात, हे मुलांकडून काढून घ्यावे. कोकणात सुकी मासळी, आमसुले, फणसाचे साट. देशावर सांडगे, कुरडया, वाळवलेली गवार. विदर्भात आणखी काही. मग विचारावे : रस्ते चैत्रात बंद झाले तर ह्यांतले काय घरात असेल आणि काय नसेल? मुले हे गणित फार चांगले करतात. दुसऱ्या तासिकेत, घरात कोणी आजारी पडल्यास आजी काय करून देते, हे लिहून आणावयास सांगावे. पेज, मऊ भात, मुगाचे वरण, ज्वारीची आंबील अशी उत्तरे येतील. त्यांवरून हे पदार्थ पचनाला हलके का, आणि ते कोणी जवळ बसून भरवले तर अधिक का जातात, ह्याची चर्चा सहज होते.

‘काल रात्री तुझ्या घरी काय होते?’ हा प्रश्न मात्र भर वर्गात कधीही विचारू नये. ज्याच्या घरी काही नव्हते, ते मूल एक तर खोटे बोलेल किंवा मान खाली घालील, आणि दोन्हींत दोष प्रश्नाचा.

भोजनाच्या वेळी डोळे उघडे ठेवावेत. नेहमी पोटभर जेवणारे मूल आठ-पंधरा दिवस ताट तसेच ठेवून उठते. एखादे घाईघाईने, कोणी हिसकावून घेईल अशा तऱ्हेने खाते. एखादे पोट दुखते म्हणून रोज बाजूला बसते. खिचडी डब्यात भरून नेणारे मूलही आढळते. त्याला चोर म्हणू नये. घरी धाकटे भावंड आहे की आजारी आई आहे, हे त्याच्याशी एकांतात बोलून कळते, आणि मग शिधापत्रिकेचे, अंगणवाडीचे किंवा ग्रामपंचायतीचे काम कोणते हे ठरवता येते. पालकांशी बोलतानाही दोष देण्याचा सूर नसावा. बदल टिकून राहिला, झोप उडाली, मूल बोलेनासे झाले किंवा जगण्याविषयी निराशेचे बोलू लागले, तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्राकडे न्यावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा चालते; क्रमांक १४४१६. तेथे मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हा क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर, पटसंख्येच्या फलकाशेजारी रंगवून घ्यावा. तो शिक्षकांसाठीही आहे. साथीच्या काळात सर्वेक्षणाला दारोदार गेलेल्या शिक्षकांच्या मनाची विचारपूस फारशी कोणी केली नव्हती.

दीर्घ सुट्टीनंतर किंवा साथीनंतर शाळा उघडते, त्या पहिल्या पंधरवड्यात भोजनाची वेळ एका मिनिटानेही पुढे-मागे करू नये, मुलांच्या बसण्याच्या जागा शक्यतो पूर्वीच्याच ठेवाव्यात, आणि हळू जेवणाऱ्याला उठवू नये. अन्नाची चव पाहून चव नोंदवहीत सही करण्याचा नियम आहेच. सही झाल्यावर शिक्षकांनी आपले ताट घेऊन त्याच पंगतीच्या टोकाला बसावे, आणि जेवण आटोपल्यावर कोणाचे ताट भरलेले राहिले ते स्वतःच्या टिपणवहीत तारखेसह लिहावे. वहीचे ते पान मुलांच्या हाती पडू देऊ नये.